‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ : संगीत ऐकायचे की त्याची गोष्ट?

(काही श्रोत्यांमधली लेखी चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मंद्रसप्तक

अमेरिकी संगीतकार विल्यम बॅसिन्स्की यांच्या ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ या चार भागांच्या संग्रहाविषयी बोलताना आपण सगळेच आधी त्याच्या जन्मकथेकडे वळतो आणि संगीतापाशी येईपर्यंत दमून जातो. म्हणून ज्यांना ती कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती एकदाच सांगून टाकतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅसिन्स्की यांनी रेडिओवर लागणाऱ्या हलक्याफुलक्या वाद्यवृंद-संगीतातले काही सेकंदांचे तुकडे टेपवर घेतले, टेप कापून तिची दोन्ही टोके एकमेकांना चिकटवली आणि असे पुष्कळ लूप करून ठेवले. २००१ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमधल्या घरी हे लूप डिजिटल स्वरूपात उतरवून घेत असताना टेपवरचा चुंबकीय लेप सुटू लागला. टेप फिरत राहिली, लेप गळत राहिला, आणि एकाच स्वरवाक्याची झीज होत होत अखेर काय उरते याची नोंद होत गेली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी गच्चीवरून मॅनहॅटनवरच्या धुराचे चित्रीकरण केले, पुढे त्याला पहिल्या लूपची जोड दिली, आणि त्यातलीच स्थिरचित्रे मुखपृष्ठांवर आली. संग्रह २००२ आणि २००३ या दोन वर्षांत प्रसिद्ध झाला.

माझे म्हणणे असे आहे की जुन्या सामग्रीवर पुन्हा काम करून केलेल्या अँबियंट (म्हणजे संथ, वातावरणनिर्मितीवर भर देणाऱ्या संगीताच्या) संग्रहांमध्ये याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि त्याचे कारण धूरही नाही आणि तारीखही नाही. स्वतःच्या जुन्या कामाकडे वीस वर्षांनी परतणारा कलावंत सहसा त्याला नवे कपडे चढवतो. जाँ-मिशेल जार यांनी १९७६ चा ‘ऑक्सिजेन’ २००७ मध्ये पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित केला. टँजरीन ड्रीम या गटाने आपल्या ‘फेड्रा’ची २००५ ची आवृत्ती काढली, तीही त्याच वाटेने जाणारी. बॅसिन्स्की यांनी मात्र जुन्या सामग्रीला स्वतःचे जे व्हायचे ते होऊ दिले. पहिल्या भागातला सुमारे ६३ मिनिटांचा ‘डीएलपी १.१’ (संग्रहातल्या सगळ्या तुकड्यांची नावे अशी क्रमांकांचीच आहेत) ऐकताना बराच वेळ कानाला काहीच बदललेले जाणवत नाही. मग केव्हातरी लक्षात येते की स्वरवाक्याचे शेपूट गेले आहे, आणि ते नेमके कधी गेले हे मात्र सांगता येत नाही. हा अनुभव मला दुसऱ्या कोणत्याही संग्रहाने दिलेला नाही.

दुसरीबाजू

मंद्रसप्तक यांनी कथा बाजूला ठेवण्याची शपथ घेतली आणि पहिला अर्धा लेख कथेवरच खर्च केला, हे मला बोलके वाटते. ही कथा वजा केली तर उरते ते असे : रेडिओवरून उचललेला, मुळात कोणत्याही विशेष गुणाचा नसलेला एक तुकडा, शेकडो वेळा. ‘न केलेल्या हस्तक्षेपा’चे एवढे कौतुक करण्याआधी हेही नोंदवायला हवे की पहिल्या लूपवर बॅसिन्स्की यांनी सिंथेसायझरवर हॉर्नसारखी एक स्वररेषा बसवली होती आणि आवाजाला प्रतिध्वनीची भरपूर डूब दिली होती. ती डूब काढून टाका, म्हणजे ज्याला आपण विषाद म्हणतो त्यातला किती भाग झिजेचा आणि किती भाग यंत्राचा, हे कळेल.

शिवाय ही कल्पनाही नवी नाही. ॲल्विन लूसिए यांनी १९६९ मध्ये ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ या रचनेत एका खोलीत बोललेले वाक्य पुन्हा पुन्हा त्याच खोलीत वाजवून पुन्हा पुन्हा मुद्रित केले, इतके की शब्द विरघळून फक्त खोलीच्या अनुनादाचे स्वर उरले. तिथे प्रक्रिया ठरवलेली होती, काय होणार आहे हे रचनेच्या मजकुरातच सांगितलेले होते, आणि तरीही ती रचना प्रत्येक वेळी चकित करते. इथे एक अपघात झाला आणि तो चालू असताना यंत्र बंद केले गेले नाही. यंत्र बंद न करणे याला मी रचना म्हणायला तयार नाही. तानपुरा अखंड वाजतो म्हणून तानपुऱ्याला कोणी गाणे म्हणत नाही.

अनाहत

तानपुऱ्याची तार उतरू लागली की बसलेल्या प्रत्येकाचा कान तिकडे जातो. बॅसिन्स्की यांनी त्या उतरण्यालाच पुढे बसवले आहे, इतकेच.

कोरीटेप

दोन्ही बाजूंनी ‘झीज’ हा शब्द इतका सैल वापरला आहे की त्यात संगीताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्टच हरवली आहे. मी जुन्या टेप उतरवण्याचे काम हौसेने बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर एका चिकट द्रव्यात बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने ते धरून ठेवणारे द्रव्य कमकुवत होते, आणि मग हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या यंत्राच्या भागावरून, घासत जाणारी टेप पूड सोडू लागते. याचे आवाजावर दोन परिणाम होतात आणि ते अगदी वेगवेगळे आहेत. हेडवर साचणारा भुगा टेपला हेडपासून किंचित दूर ठेवतो. त्या सूक्ष्म अंतरामुळे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात आणि सगळे चित्र काचेवर वाफ धरल्यासारखे होते. हा परिणाम तात्पुरता असतो, कारण भुगा सुटला की आवाज थोडा उजळतो. दुसरा परिणाम कायमचा असतो. जिथली पूड गेली तिथला आवाज गेला, आणि लूप गोल असल्यामुळे ते रिकामे ठिकाण प्रत्येक फेरीत नेमक्या त्याच क्षणी परत येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. लूप सहा सेकंदांचा धरला तर तासाभरात सहाशे फेरे होतात, आणि एकदा पडलेले भोक पुढच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच मात्रेवर ऐकू येते. म्हणजे शांतता इथे विखुरलेली नाही, तिला ताल आहे. दुसरे भोक पडले की पहिल्याशी त्याचे नाते तयार होते, तिसरे पडले की एक नमुना बनतो, आणि अखेरच्या भागात मूळ सुरावटीपेक्षा या भोकांचाच ठेका अधिक स्पष्ट होतो. दुसरीबाजू यांनी लूसिए यांचे उदाहरण दिले ते योग्य आहे, पण तिथे बदल संपूर्ण आवाजावर एकसारखा पसरतो. इथे तो जागेला बांधलेला आहे. त्यामुळे ‘तोच तुकडा शेकडो वेळा’ हे वर्णन वस्तुतः चुकीचे आहे. कोणतेही दोन फेरे एकसारखे नाहीत, आणि मागे पडलेले भोक पुढे कधीच भरून येत नाही.

दुसरीबाजू

कोरीटेप, ही माहिती मला नवी होती आणि ‘शेकडो वेळा तेच’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. पण तुमच्या स्पष्टीकरणाने रचनेचे श्रेय संगीतकाराकडे न जाता ऑक्साइडकडे जाते.

लघुतरंग

श्रेयाचा हा प्रश्न २०११ मध्ये एका अर्थी मंचावरच विचारला गेला. ११ सप्टेंबरच्या घटनेला दहा वर्षे झाली त्या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात ‘डीएलपी १.१’ चे वाद्यवृंदासाठी केलेले रूपांतर सादर झाले. मॅक्सिम मॉस्टन यांनी ते लिहिले होते, आणि नंतर ते या संग्रहाच्या २०१२ मध्ये पुन्हा निघालेल्या संचातही समाविष्ट झाले. म्हणजे रेडिओवरचा वाद्यवृंद टेपवर गेला, टेप झिजली, आणि त्या झिजेची स्वरलिपी करून ती पुन्हा वाद्यवृंदापुढे ठेवली गेली.

मी ते ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी माझे मत अधिकच प्रतिकूल होते. वाद्ये उत्तम वाजतात, पण वादक पडण्याचा अभिनय करत आहेत हे कानाला लपत नाही. वादकाच्या हातात पुढचा स्वर शाबूत असताना तो मुद्दाम वाजवला जात नाही; टेपला मात्र तो स्वर वाजवायचाच असतो आणि तिच्यापाशी तो उरलेला नसतो. तुलनेसाठी, ब्रायन ईनो यांचा १९७८ चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ बँग ऑन अ कॅन या समूहाने वाद्यांवर बसवून १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो मला मनापासून आवडतो. तिथे वेगवेगळ्या लांबीचे लूप एकमेकांना कधी भेटतात हाच खेळ आहे आणि तो माणसांना खेळता येतो. बॅसिन्स्की यांचा संग्रह माणसांना वाजवता येत नाही, आणि मला ते त्याचे वैगुण्य वाटत नाही.

विरामचिन्ह

२०१२ च्याच संचासाठी या झिजलेल्या टेपांचे रीमास्टरिंग (ध्वनीवर नव्याने संस्करण) करण्यात आले, म्हणजे वार्धक्याच्या छायाचित्रावरच्या सुरकुत्या पुसून झाल्या.

कोरीटेप

सुरकुत्या पुसलेल्या नाहीत. रीमास्टरिंग २००१ च्या डिजिटल प्रतीवर होते. टेपवरून गेलेली पूड त्याने परत येत नाही. विनोद मात्र चांगला आहे.

मंद्रसप्तक

हॉर्नच्या स्वररेषेविषयी आणि प्रतिध्वनीविषयी दुसरीबाजू यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ‘हस्तक्षेप केला नाही’ हे मी सरसकट लिहायला नको होते. पण त्यामुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो असे मला वाटते. बॅसिन्स्की त्या दिवशी जुन्या लूपवर नवी स्वररेषा बसवायलाच बसले होते, म्हणजे तेही नवे कपडे चढवण्याच्याच वाटेवर होते. लूप गळू लागला तेव्हा त्यांनी पुढची भर घालणे थांबवले. हातात वाद्य असताना आणि मनात बेत असताना थांबणे हा निर्णय आहे, आणि ऐकणाऱ्याला त्या निर्णयाचे फळ तासभर ऐकू येते. ऑक्साइडने गळायचे ठरवले नव्हते, हे खरे. पण लूप कोणता निवडायचा, तो किती वेळ फिरू द्यायचा, कुठे संपवायचा आणि चार भागांत काय कशानंतर ठेवायचे, हे ऑक्साइडने ठरवलेले नाही.

दुसरीबाजू

निवड हीच कला मानायची असेल तर निवडलेली वस्तू कोणाची, हा प्रश्नही विचारायला हवा. तो इथे अजून कोणी विचारलेला नाही. बायोस्फिअर या नावाने संगीत करणाऱ्या नॉर्वेच्या गाइर येन्सन यांनी २००२ मध्येच ‘शेनझोऊ’ हा संग्रह काढला. त्याचा बहुतांश भाग क्लॉद दब्युसी यांच्या वाद्यवृंद-रचनांच्या तुकड्यांवर उभा आहे, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. ग्लोबल कम्युनिकेशन या जोडीने १९९३ मध्ये चॅप्टरहाउस या बँडच्या ‘ब्लड म्युझिक’ या संग्रहाचे संपूर्ण रूपांतर केले तेव्हा मूळ कोणाचे आणि रूपांतर कोणाचे हे स्पष्ट होते. ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’मधल्या त्या रेडिओ-संगीताची मांडणी कोणी केली, ते व्हायोलिन आणि ती ब्रास वाद्ये कोणी वाजवली? त्यांची नावे टेपवर येण्याआधीच गळून गेली होती. एवढ्या विषादाने भरलेल्या संग्रहात या एका नाहीशा होण्याबद्दल कोणालाच विषाद वाटत नाही, हे मला खटकते.

अनाहत

हा प्रश्न न्याय्य आहे आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. पण ‘कथा वजा केली तर काही उरत नाही’ या तुमच्या पहिल्या दाव्याविरुद्ध साक्ष देऊ शकतो. मी हा संग्रह कथा माहीत नसताना ऐकला. घरातल्या आजारी माणसाशेजारी रात्री जागायचे होते म्हणून लांबलचक आणि हळू आवाजाचे काहीतरी हवे होते, आणि एका मित्राने न सांगता, न समजावता फाइल दिली. मला वाटले की माझ्या यंत्रातच बिघाड झाला आहे. दोनदा उठून तार तपासली. तिसऱ्या वेळी उठलो नाही, कारण तोवर बिघाडाकडेच कान लागला होता. मुखपृष्ठ मी कित्येक महिन्यांनी पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्यानंतर मला हे संगीत आधीसारखे ऐकता आले नाही. धूर आठवतो. त्यामुळे कथेने या संग्रहाला उचलून धरले आहे असे दुसरीबाजू म्हणतात, तर माझ्या बाबतीत तिने त्याचे नुकसानच केले आहे.

आणि एक बाजूची तक्रार. सगळी चर्चा नेहमी ‘डीएलपी १.१’ पाशीच अडते, त्यामागेही ती चित्रफीतच असावी. तिसऱ्या भागातला ‘डीएलपी ४’ वीसच मिनिटांचा आहे आणि तिथे पडझड इतकी वेगाने होते की हळहळायला सवड मिळत नाही. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

लघुतरंग

‘डीएलपी ४’ विषयी सहमत. मात्र पाचही तास एका बैठकीत ऐकण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये. दुसऱ्या भागानंतर झीजही सवयीची होते आणि कान सुस्तावतो.

मंद्रसप्तक

मांडणीविषयी मी म्हणालो त्याचा पुरावा चौथ्या भागात आहे, आणि अनाहत यांच्या तक्रारीमुळे तो आठवला. तो भाग ‘डीएलपी ६’ ने सुरू होतो, पण त्यानंतर सुमारे २२ मिनिटांचा ‘डीएलपी १.२’ आणि १२ मिनिटांचा ‘डीएलपी १.३’ येतो. म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ दुसऱ्या लूपांत घालवल्यावर पहिलाच लूप परत येतो. हे दोन्ही तुकडे पहिल्या भागात ‘१.१’ च्या पाठोपाठ ठेवणे सोपे होते, आणि क्रमांकही तेच सुचवतात. क्रम मोडून ते अखेरीस नेले गेले. ख्यालात अस्थाईवर परत येताना होते तसे काहीसे इथे होते, फरक एवढाच की परत येण्यासाठीची जागाच झिजलेली आहे.

दुसरीबाजू

काल रात्री मी चौथ्या भागाचा हा शेवट स्वतंत्रपणे ऐकला, आणि मग लगेच ‘डीएलपी १.१’ ची सुरुवात लावली. एवढ्या झिजेनंतर तो लूप शाबूत ऐकू आला तेव्हा तो फार उद्धट वाटला. इतका पूर्ण असण्याचा त्याला काय अधिकार, असे काहीसे मनात आले. क्रमाचा निर्णय हा रचनेचा निर्णय आहे, एवढे मान्य. त्या अनामिक वादकांचा प्रश्न मात्र मी सोडलेला नाही, आणि पाच तास अजूनही मला दोन तासांनी जास्तच वाटतात.