वेईचीला मान उशिरा मिळाला

गो या पटावरच्या सोंगट्यांच्या खेळाला चीनमध्ये पहिल्यापासूनच मान होता असं म्हणतात, ते तितकंसं पटलं नाही. कन्फ्यूशियसने वेईचीला (गोचं चिनी नाव) दिलेली दाद अगदीच हातचं राखून आहे: दिवसभर खाऊन नुसतं बसण्यापेक्षा हे खेळलेलं बरं! त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियस या तत्त्वज्ञाने तर यात रमून आईबापांना न बघणाऱ्यांना नालायक मुलांत मोजलं. वाद्य, सुलेखन, चित्रकलेच्या पंगतीला वेईची बसला तो पुढे.

चीनमधल्या जिन राज्याचा मंत्री शिए आन याचा किस्सा मात्र झकास. इ.स. ३८३, फेई नदीची लढाई. आपल्या सैन्याच्या विजयाचं पत्र आलं तेव्हा हा डाव मांडून बसलेला. वाचलं, बाजूला ठेवलं, खेळ चालू. पाहुण्याने विचारल्यावर म्हणाला, पोरांनी शत्रूला हरवलं. नंतर आत जाताना उंबऱ्याला अडखळून खडावेचा दात मोडला, तरी पठ्ठ्याला पत्ता नाही म्हणे.