लग्नाचा फोटोग्राफर : एवढा खर्च करावा का?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलीचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लंडनमध्येच करायचे ठरले असून गोरज मुहूर्त धरला आहे. हळदीपासून स्वागत समारंभापर्यंतच्या दोन दिवसांच्या छायाचित्रणासाठी एका व्यावसायिकाने साडेचार हजार पौंड सांगितले आहेत. प्रत्येकाच्या हातात चांगला मोबाइल असताना हा खर्च कशासाठी, असे घरातील तरुण मंडळी विचारतात. ज्यांनी अलीकडे इथे लग्नकार्य पार पाडले आहे, त्यांनी आपले मत मोकळेपणाने कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
वधूपिता

*

सप्रेम नमस्कार.

आपणां सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. फोटोग्राफर जरूर घ्यावा, मात्र दोन दिवसांसाठी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. गौरीहारापासून सप्तपदीपर्यंतचे तास त्याच्याकडे सोपवावेत आणि तेवढ्या वेळासाठी एकाऐवजी दोन माणसे मागावीत.

अंतरपाट दूर होतो तो क्षण काही सेकंदांचाच असतो आणि तेव्हा वधूवर समोरासमोर उभे असल्याने एका कॅमेऱ्यात दोघांचेही चेहरे नीट येत नाहीत. त्याच वेळी अक्षता पडत असतात, पाठीशी मामा उभे असतात आणि मोबाइल उंचावलेले पाहुणे पुढे सरकलेले असतात. त्यातच डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळत असल्याने मुहूर्ताच्या वेळी खिडकीतून पुरेसा उजेड मिळणार नाही. अपुऱ्या उजेडात मोबाइलवर हलते हात पुसट येतात; तिथे चांगली लेन्स, योग्य फ्लॅश आणि सरावलेला डोळाच लागतो. मंचावर जांभळे किंवा गुलाबी दिवे मात्र मुळीच लावू देऊ नयेत, कारण त्यांत पिवळ्या अष्टपुत्रीचा आणि हळद लागलेल्या चेहऱ्याचा रंग हरवतो आणि तो नंतर संगणकावर नीट परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पंजाबी किंवा गुजराती लग्नांची सवय असलेला फोटोग्राफर फेऱ्यांची वाट पाहत राहतो. आमच्या मुलाच्या लग्नात कानपिळी चालली असताना फोटोग्राफर जेवणाच्या टेबलांची सजावट टिपत होता, आणि सुनेच्या भावाचा तो फोटो नसल्याची खंत आम्हां सर्वांना अजून आहे. म्हणून विधींचा क्रम इंग्रजीत लिहून आधीच द्यावा, गुरुजींशी त्याचे बोलणे करून द्यावे आणि विधी जाणणारे घरचे एक माणूस पूर्ण वेळ त्याच्याजवळ ठेवावे. आजी-आजोबांसोबतचे फोटो जेवणापूर्वीच उरकावेत. नंतर ती मंडळी थकतात.

हळद आणि मेंदी भावंडांच्या मोबाइलवर खुशाल सोपवावी. प्री-वेडिंग, ड्रोन आणि महागडा अल्बम यांना माझा स्पष्ट नकार आहे.

आपली,
मंडळाची एक सभासद

*

नमस्कार.

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. केवळ कराराविषयी लिहितो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे स्वामित्व ते काढून घेणाऱ्याकडे असते. इथे १९८८ च्या कायद्यानुसार ते फोटोग्राफरकडे राहते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा अनुभव इथे लागू पडत नाही. घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो आपल्या संमतीविना प्रसिद्ध न होण्याचा हक्क याच कायद्याने आपल्याला दिला आहे, परंतु जाहिरातीसाठीची संमती करारातच छापलेली असू शकते. मुलीला ते मान्य आहे का, हे तिला विचारूनच सही करावी.

पूर्ण आकाराच्या फाइली आणि त्या कुठेही छापून घेण्याची परवानगी लेखी मागावी. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवला जातो का, हेही विचारावे. सांगितलेल्या रकमेत २० टक्के व्हॅट धरलेला आहे की नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे.

आपला,
मंडळाचा एक सभासद