ओमेका एस: सीएसव्ही इम्पोर्ट अडकतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची सूची ओमेका एसवर (संग्रह ऑनलाइन मांडायचं मोफत सॉफ्टवेअर) चढवायचं काम चाललंय. उबुंटू, अपाची, मारियाडीबी असा सेटअप आहे, डेटाबेसच्या आयएनआय फाइलमध्ये युजर-पासवर्ड भरलाय, मॉड रीराइट चालू आहे, फाइल्स फोल्डरला लिहायची परवानगी पण दिलीये, त्यामुळे इन्स्टॉल सुरळीत झालं आणि हाताने एकेक आयटम टाकला की नीट दिसतो. घोडं अडलंय ते सीएसव्ही इम्पोर्ट मॉड्यूलपाशी, म्हणजे तक्त्याच्या फाइलमधून सगळ्या नोंदी एकदम आत घेणाऱ्या जोडणीपाशी. इम्पोर्टचा जॉब 'स्टार्टिंग'वरच बसून राहतो, लॉगमध्ये काहीच येत नाही. हे जॉब बॅकग्राउंडला कमांड लाइनच्या पीएचपीवर चालतात म्हणून लोकल कॉन्फिगमध्ये तिचा पाथ दिला, तरी तेच. सर्व्हरवर पीएचपीची दोन व्हर्जन्स आहेत, त्याचा घोळ असेल का? कसं तपासायचं?

अजून एक, अंकावर 'कार्तिक शके १८७२' असं छापलंय. डब्लिन कोअरच्या (नोंदींसाठीच्या ठरावीक रकान्यांचा प्रमाणित संच) डेटमध्ये १९५० टाकून शके वेगळ्या प्रॉपर्टीत (रकान्यात) ठेवू का? छापलेलं जसंच्या तसं राहायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, जुने वाचक शकेच सांगत येतात. कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, पुण्यात कुठेही असाल तर लॅपटॉप घेऊन येतो.