विहिरीत ९ फूट पाणी आहे, तरी पंप चढवत नाही. असं का?

कलमवाली (देवगड तालुका)

नमस्कार. आमची बाग सड्याच्या उतारावर आहे. विहीर जांभ्यात खणलेली, तळाशी शेडी (जांभ्याखालची मऊ माती) लागलेली. पंपाच्या चौथऱ्यापासून तळापर्यंत ३८ फूट. कठड्याशेजारी एक एचपीचा मोनोब्लॉक बसवलाय. दिवाळीपासून मार्चपर्यंत पाइप भरून पाणी पडतं. एप्रिलमध्ये धार बारीक होत गेली आणि गेल्या मंगळवारपासून पंप नुसता फिरतोय.

काल फुटाफुटावर गाठी मारलेला सुंभ सोडून मोजलं. पंपापासून पाणी २९ फुटांवर आहे. म्हणजे तळाशी अजून ९ फूट पाणी आहे आणि फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची झडप) त्यात नीट बुडलेला आहे.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला. आधी फूटव्हॉल्व्ह बदलला, मग सील आणि इम्पेलर (पंपाच्या आतलं फिरतं चाक). दोन्ही वेळा पैसे गेले, पाणी आलं नाही. आता म्हणतो दोन एचपी घ्या. पंप चालू केला की आत खडे फिरतायत असा आवाज येतो. त्याने माझ्यासमोर पंप उघडला, आत एकही खडा नव्हता. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळ्यात हवा पातळ होते म्हणून पंप पाणी धरत नाही.

गेल्या वर्षी लावलेली २२ कलमं आहेत. मी आणि जाऊबाई सकाळ-संध्याकाळ रहाटाने पाणी काढून एकेका आळ्यात दोन कळश्या ओततोय. दोन एचपी घेऊ का? आणि तो आवाज कशाचा?

वायंडिंगवाला (कुडाळ)

ताई, दोन एचपी अजिबात घेऊ नका. पाच एचपी लावलात तरी तिथून पाणी चढणार नाही. तुमचा पंप चांगला आहे, तो चुकीच्या जागी बसलाय.

आपण सगळेच म्हणतो की पंप पाणी ओढतो. मीही दुकान टाकल्यावर कितीतरी वर्षं तसंच समजत होतो. पण पाण्याला वरून धरून ओढता येत नाही. पंप फक्त सक्शन पाइपमधला, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंत येणाऱ्या पाइपमधला, दाब उतरवतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा. शहाळ्यात नळी घालून आपण पितो तेव्हाही हेच होतं.

हवेला वजन आहे आणि ते थोडंथोडकं नाही. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. तुमची विहीर ८ फूट रुंद धरली, तर तिच्यातल्या पाण्यावर ४८ टनांच्या आसपास हवा बसलेली आहे. पण तिची ढकलण्याची ताकद ठरलेली. पाइपमध्ये पूर्ण पोकळी केलीत तरी ती पाण्याला १०.३ मीटर, म्हणजे ३४ फुटांच्या जरासं आतच चढवते. इटलीतल्या पंपवाल्यांना हा अनुभव चारशे वर्षांपूर्वीच आला होता, गॅलिलिओने तसं लिहून ठेवलंय. पुढे त्याचा शिष्य तोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून तो ७६ सेंटिमीटरवरच थांबला. ७६ ला १३.६ ने गुणून बघा, पाण्याचे तेच १०.३ मीटर येतात.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. मुलगा नववीत असताना आम्ही दोघांनी गवंड्याकडची लेव्हलची नळी आणली, जाड, पारदर्शक, ४० फुटांची. पाणी उकळून गार केलं आणि नळीत काठोकाठ भरलं. वरचं टोक घट्ट बांधून चार मजली इमारतीच्या गच्चीवरून ताणलं, खालचं टोक बादलीत बुडवून मगच बूच काढलं. पाणी सर्रकन खाली आलं आणि ३२ फुटांच्या थोडं वर येऊन थांबलं, जणू कोणी खालून हात लावलाय. त्याच्यावर रिकामी नळी. जवळ जाऊन पाहिलं तर वरच्या टोकाच्या पाण्यात बारीक बुडबुडे उठत होते, चहाच्या आधणाला येतात तसे. नळीला हात लावला तर गार!

तुमच्या खड्यांच्या आवाजाचं उत्तर तिथे आहे. पाणी १०० अंशांना उकळतं ते हवेचा पूर्ण दाब असताना. दाब उतरला की ते ३० अंशांनाही उकळतं. तुमच्या पंपाच्या तोंडाशी दाब इतका पडतो की पाण्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे इम्पेलरच्या कडेला जाऊन फुटतात. प्रत्येक बुडबुडा हातोडीसारखा बसतो. असे इम्पेलर माझ्या दुकानात येतात, वाळवी लागल्यासारखे खड्डे पडलेले. म्हणून आज-उद्यात पंप बंदच ठेवा, नवा इम्पेलरही जाईल.

मग ३४ फूट सोडून २९ ला का अडलं? पाइपमधलं घर्षण, बेंड, फूटव्हॉल्व्ह, ही वाफ, सगळे आपापला वाटा घेतात. आमच्या धंद्यात २५ फुटांच्या पुढे मी कोणाला हमी देत नाही.

शेजारच्या काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आपल्याकडे जानेवारीपेक्षा जूनमध्ये हवेचा दाब साधारण १० हेक्टोपास्कलने कमी असतो. पण त्याने पाण्याच्या उंचीत फरक पडतो तो १० सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. तुमचं पाणी कितीतरी फूट खाली गेलंय.

उपाय: विहिरीत १२-१५ फुटांवर टप्पा असेल तर पंप तिथे उतरवा. पंपाच्या पुढे पाणी ढकलायला हवेची मर्यादा नाही, तिथे तुमचा एक एचपी कामाला येईल. नाहीतर सबमर्सिबल, म्हणजे पाण्यातच बुडवून ठेवायचा पंप.

आंबोलीकर

आमच्या इथे तर आणखी कमी. आंबोली ७०० मीटरच्या आसपास उंच, डोक्यावरची तेवढी हवा कमी. १०.३ मीटरमधले जवळजवळ ८० सेंटिमीटर इथेच जातात. सावंतवाडीला चालणारा पंप तसाच्या तसा इथे बसवला आणि धार बारीक झाली, तेव्हा कारण कळलं नव्हतं. आज कळलं.

खाडीकाठ (वेंगुर्ला)

सबमर्सिबलबद्दल कळकळीने सांगते. आमची माडा-पोफळीची वाडी किनाऱ्याला लागून आहे. चार वर्षांपूर्वी सबमर्सिबल टाकला आणि पाणी येतंय म्हणून रोज सहा-सहा तास चालवला. तिसऱ्या आठवड्यात चहा मचूळ लागायला लागला, मग पोफळीची पानं टोकाकडून करपली. वाळूखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅम जड. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर त्याच्याखाली हिशोबाने ४० फूट गोडं असतं. उलटही तसंच: वरून एक फूट उपसलं की खालून खारं ४० फूट चढायला बघतं. विहीर पुन्हा गोडी व्हायला आम्हाला दोन पावसाळे लागले. आता सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, एवढंच.

कलमवालीताई, तुमच्या विहिरीचा तळ समुद्राच्या पातळीच्या बराच वर असेल, तर ही भीती तुम्हाला नाही. पण किनाऱ्यावरच्या कोणी हे वाचून सबमर्सिबल घेऊ नये, म्हणून लिहिलं.

कलमवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. १२ फुटांवर टप्पा आहे, विहीर बांधताना उभं राहायला ठेवलेला. आज दोन गडी घेऊन पंप तिथे उतरवला. आता पाणी पंपापासून १७ फुटांवर. साडेचारला चालू केला, पाइप भरून पाणी आलं, खड्यांचा आवाज पूर्ण गेला. २२ च्या २२ आळी भरली. एकच विचारायचंय: पावसात आमची विहीर कठड्याखाली चार फुटांपर्यंत भरते, पंप बुडेल ना?

वायंडिंगवाला

नक्की बुडेल. वर कप्पी आणि साखळी आत्ताच लावून ठेवा, आणि मृग लागायच्या आधी पंप वर घ्या. आधी मेन स्विच बंद, मगच विहिरीत उतरायचं. खालच्या वायरला जोड ठेवू नका, अखंड वायर घ्या.