एसीएल: आधी ग्राफ्ट ठरवायचा की सर्जन?

डावा_कोपरा: धाकटा भाऊ २३ चा, कबड्डीत माझ्यासारखाच डावा कोपरा. मॅटवर रेडरचा पाय धरला तेव्हा गुडघा पिरगळला, एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण गेलंय, सूज उतरली पण वळताना गुडघा अजून सटकतो. आता ऑपरेशन करून त्या जागी ग्राफ्ट, म्हणजे त्याच्याच अंगातलं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवायचंय. एक डॉक्टर म्हणतो हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचं टेंडन घेऊ, दुसरा म्हणतो पटेलर, म्हणजे वाटीखालचं टेंडन दोन्हीकडच्या हाडाच्या तुकड्यासकट. माझं मत, पोराला खेळायचंय तर पटेलरच, आणि तेच करणारा सर्जन शोधायचा. बोला.

वाटी_दुखरी: दादा, माझा पटेलरच आहे. गुडघा दगडासारखा घट्ट, खोटं नाही बोलत, पण फरशीवर गुडघा टेकवला की आजही कळ येते. कोपरा खेळणारा दर टॅकलला गुडघ्यावरच आपटतो ना? हॅमस्ट्रिंग घ्या.

डावा_कोपरा: आणि रेडरला मागे खेचायची ताकद कुठून येते? मांडीच्या मागूनच! तिथलीच दोन टेंडन काढून टाकायची म्हणजे...

अर्धवट_फिजिओ: दोघांचंही बरोबर, म्हणूनच नुसत्या ग्राफ्टवर भांडू नका. पटेलरमध्ये हाड हाडाला साधारण ६ ते ८ आठवड्यांत धरतं, हॅमस्ट्रिंगला जास्त वेळ लागतो, हे खरं. पण ग्राफ्ट कुठलाही असो, आत गेल्यावर तो आधी कमजोर पडतो आणि मग हळूहळू भरतो, आणि नेमकं त्याच काळात पोरांना वाटतं आपण बरे झालो. ९ महिन्यांच्या आत मॅटवर सोडू नका, नंतरही दोन्ही पायांची ताकद मोजूनच.

घोट्याचा_माणूस: पेरोनिअस का नाही? घोट्याजवळून काढतात, जाड निघतो, मांडी आणि वाटी दोन्ही शाबूत.

वाटी_दुखरी: कोपऱ्याचा घोटा कापता? चढाईवाले पार्टी देतील तुम्हाला 😄

जुनी_फाईल: मी उलटं सांगते. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही ग्राफ्टवर दोन महिने घालवले आणि सर्जनला एकही धड प्रश्न विचारला नाही. विचारायचं हे की वर्षाला एसीएल किती करता, हॅमस्ट्रिंग ८ मिमीपेक्षा बारीक निघाली तर काय करणार (ते टेबलावरच कळतं), गादी म्हणजे मेनिस्कस फाटलेली असेल तर शिवणार की कापून काढणार. ग्राफ्ट बसवायला हाडात पाडतात ते भोक चुकीच्या जागी पडलं तर पटेलर काय नि हॅमस्ट्रिंग काय, दोन्ही वाया. ज्याचा हात ज्या ग्राफ्टवर बसलाय तोच त्याला करू द्या.

डावा_कोपरा: पटेलरवाल्याला हे विचारलं मावशी, तर म्हणाला "तू ते माझ्यावर सोड". हॅमस्ट्रिंगवाल्याने मात्र कागदावर चित्र काढून दाखवलं, बारीक निघाली तर टेंडनला आणखी घड्या घालून पदर वाढवतो म्हणाला, भावाला कळलंसुद्धा.

जुनी_फाईल: मग अडलंय कुठे?

डावा_कोपरा: मला अजून पटेलरच हवाय 😐