हँडीला (हातातल्या वॉकीटॉकी सेटला) चांगला अँटेना कोणता? शनिवारच्या आत हवाय

गडवाट: मंडळी, तातडीने मदत हवी आहे. शनिवारी हरिश्चंद्रगड, १४ जण. मागच्या खेपेला खाली गाडीपाशी थांबलेल्या मित्राशी अर्ध्या वाटेपर्यंत नीट बोलणं झालं आणि देवळापाशी पोचल्यावर नुसती खरखर. एकीचा पाय मुरगळला होता, खाली निरोप द्यायला माणूस पाठवावा लागला. सेटसोबत आलेला बुटका अँटेना बदलायचाय. ऑनलाइन पन्नास प्रकार दिसतात. एकच नाव सांगा, आजच मागवतो.

नाशिककर_७३: सेट कोणता? फ्रिक्वेन्सी? लायसन्स? खाली म्हणजे पायथ्याचं पाचनई की खिरेश्वर? आणि सेटच्या तोंडाशी पिन बाहेर आलेली आहे की भोक आहे? हे पाहिल्याशिवाय मागवलात तर अँटेना येईल, पण बसणार नाही.

चिंब_पाऊस: कोकणकड्यावर मोबाईलला रेंज मिळते हो. मला मागच्या डिसेंबरात मिळाली होती.

गडवाट: @चिंब_पाऊस, ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी नव्हती, म्हणून तर सेट नेतो.
@नाशिककर, बाओफेंग यूव्ही-५आर. पिन आहे. दोघांकडेही रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं हॅम लायसन्स आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, सिम्प्लेक्स, म्हणजे मध्ये रिपीटर नाही, थेट सेट ते सेट. गाडी खिरेश्वरला.

नाशिककर_७३: मग एसएमए फीमेल अँटेना (पिनेवर बसणारा, भोकाचा) घ्या, दोन मीटर (तुमचा १४५ वाला) आणि सत्तर सेंटिमीटर अशा दोन्ही बँडचा, ३९ सेंमीचा लवचिक चाबूक. नागोया एनए-७७१ त्याच जातीचा. मी सहा वर्षं तोच वापरतोय, सेटसोबतच्या बुटक्या रबर डकपेक्षा फरक कानाला कळतो.

तारेवरचा_काका: चाबकापेक्षा टेलिस्कोपिक घे बाळा. पूर्ण उघडला की त्याला तोड नाही.

नाशिककर_७३: काका, चढताना कारवीत अडकला की आधी सेटचा सॉकेट हलतो. माझा एक सेट असाच गेला.

तारेवरचा_काका: चालताना कोण उघडतं? चालताना बुटका, बसल्यावर लांब. आणि खालच्या माणसाला हातातला अँटेना कशाला हवा? आमच्या लहानपणी दूरदर्शनच्या अँटेनाला जी चपटी दोन तारांची पट्टी असायची, ३०० ओहमची, तिचा जे-पोल (J आकाराचा अँटेना) करायचा. साधारण १.४ मीटर लांब होतो, गुंडाळून सॅकमध्ये राहतो. झाडाला उंच टांगायचा, पाच मीटर आरजी-५८ केबल खाली सेटपर्यंत आणायची. केबलमध्ये एखादा डेसिबल जातो, पण उंची त्याहून जास्त देते. १९८४ साली आमच्या गच्चीवर…

मेधा_रे: काका, १९८४ नंतर सांगा 🙂 शनिवार जवळ आलाय. पट्टी मिळायची कुठे, आणि तिचा एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळला ते) मोजायचा कशाने? त्याआधी एक फुकटचा उपाय. बुटक्या अँटेनाला जमीन (ग्राउंड, म्हणजे अँटेनाची दुसरी बाजू) मिळत नाही, सेट आणि हात हीच त्याची जमीन. १४५ ला तरंगलांबी २०७ सेंमी, चौथा भाग ५२. तार थोडी आखूड, ४९ सेंमी घ्यायची. तिचं एक टोक सोलून अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूच्या कड्याला गुंडाळा, मधल्या पिनेला लागू देऊ नका, आणि बाकी तार मोकळी खाली लोंबू द्या. सेट कमरेला लावून बोलू नका. तोंडासमोर, अँटेना उभा. आणि हाय पॉवर लावली होती ना?

गडवाट: …लो वर होता. बॅटरी वाचावी म्हणून.

मेधा_रे: एक वॅटवरून चार वॅट म्हणजे ६ डेसिबल. अँटेनाच्या किमतीआधी हे बघा.

डिजिटल_दिगू: अ‍ॅनालॉग सोडा, डीएमआर (डिजिटल सेट) घ्या. खरखरच नाही.

मेधा_रे: डीएमआरमध्ये खरखर नसते, आवाजच बंद होतो. डोंगरापलीकडे दोन्ही सारखेच.

सह्यभटक्या: सगळे अँटेनावर बोलताय, नकाशा कोणी उघडलाय का? देऊळ आणि खिरेश्वर यांच्या मध्ये तारामती शिखर आडवं आहे. चौदाशे मीटर उंचीचा बेसाल्ट. त्यातून दोन मीटरचा सिग्नल कोणताही चाबूक पलीकडे नेणार नाही. कड्यावरून थोडाफार वळून आला तर नशीब. गाडी पाचनईला लावा, त्या बाजूला तारामती मध्ये येत नाही.

गडवाट: गाडी हलवता येणार नाही, चढ-उतार दोन्ही खिरेश्वरनेच.

सह्यभटक्या: मग वेळ ठरवा. देवळात मुक्काम झाला की सेटवाला तारामतीवर चढेल, संध्याकाळी पाचला आणि सकाळी सातला. खालच्याने त्या वेळी सेट चालू ठेवून, गाडीच्या आत न बसता, गावाबाहेर उघड्यावर, गड दिसेल असं उभं राहायचं. मध्येच काही झालं तर आधी तारामतीवर पळायचं, खिरेश्वरला नाही. खालचा मित्र दर तासाला पाच मिनिटं ऐकत राहील एवढंच ठरवून ठेवा.

नाशिककर_७३: हे पटलं. तरी चाबूक घ्याच, वाटेत कामाला येतो.

गडवाट: काल ४९ सेंमीची तार लावून, हाय पॉवरवर, कात्रजच्या मित्राशी बोललो. जिथे नुसती खरखर यायची तिथे शब्द कळले. चाबूक मागवलाय, शुक्रवारी येतोय. तारामतीच्या वेळा खालच्याला लिहून दिल्या आहेत. काका, ती पट्टी पुण्यात कुठे मिळेल?

तारेवरचा_काका: बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचार. 'ट्विन लीड' म्हण. नाही मिळाली तर माझ्या माळ्यावर सहा मीटर पडली आहे, निरोप पाठव.