फिजिओ करून ग्लासगोला मेडिकल व्हिज्युअलायझेशनला जावं का?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, दीड वर्षापासून एका ऑर्थोपेडिक दवाखान्यात काम करते. खांदा का दुखतो हे समजावताना केसपेपरच्या पाठीमागे रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू, काढून दाखवायची मला सवय आहे. मागच्या महिन्यात एक आजोबा तीन महिन्यांनी परत आले, तर तोच कागद चार घड्या घालून खिशात. म्हणाले, "सुनेला पण दाखवला, तिला पण कळलं." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट आणि ग्लासगो विद्यापीठ मिळून मेडिकल व्हिज्युअलायझेशन अँड ह्युमन ॲनाटॉमी असं एका वर्षाचं एमएससी चालवतात. तिकडे अर्ज करायचं मनात आहे. बाबांचं म्हणणं, "चित्रं काढायला एवढे पैसे?" ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर मी यूट्यूबवरून शिकतेय (सुरुवातीच्या धड्यातला डोनट झाला, सगळ्यांचा होतो). शवविच्छेदन पहिल्या वर्षी बघितलंय, म्हणजे पुढच्या मुलींच्या खांद्यावरून बघितलंय. तिथे असं काय मिळतं, जे इथे बसून मिळणार नाही? कुणी केलंय का?

कवटीवाली

मी केलंय. २०१७-१८ ची बॅच. मूळची नाशिकची, बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी वाईट बातमी. सॉफ्टवेअर शिकायला जाणार असशील तर जाऊच नकोस. मॉडेलिंग, ॲनिमेशन, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी फिरतं करून दाखवणं, हे सगळं घरी बसून येतं, आणि बारा महिन्यांत ते तसंही वरवरच येतं. माझ्या वर्गात ॲनिमेशन करून आलेली मुलं होती. ती पहिल्या आठवड्यात सहज करायची ते मला जूनपर्यंत धड जमलं नाही. पण त्यातल्या एकाने केलेल्या देखण्या हातात मनगटाची हाडं सात होती. मोजून सात. मी आठवं कुठे गेलं विचारलं, तर म्हणाला, "दिसायला बरं दिसत नव्हतं." अशा माणसाला आणि माझ्यासारख्या दातवालीला एका बाकावर बसवतात, तोच खरा कोर्स. बाकी वेळापत्रक.

वेळापत्रकही सांगते. आमच्या वेळी पहिलं सत्र आर्ट स्कूलकडे, दुसरं विद्यापीठाच्या ॲनाटॉमी लॅबमध्ये, आणि उन्हाळाभर प्रबंध. आर्ट स्कूलचा आमचा विभाग तेव्हा क्लाइड नदीच्या काठी पॅसिफिक कीला होता. वारा असा, की छत्री उघडणारा माणूस नवीन आलाय हे लांबून ओळखू यायचं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला सीटी स्कॅनवरून कवटीचं थ्रीडी मॉडेल काढायचं होतं. यात आधी सेगमेंटेशन करतात, म्हणजे स्कॅनमधून हवा तो भाग वेगळा काढतात. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड अधिक काही शे. 'अमुक आकड्याच्या वरचं सगळं हाड' असं सांगितलं, की सॉफ्टवेअर तेवढं उचलून देतं. सोपं वाटतं. दातांतल्या चांदीमुळे जबड्याभोवती चांदण्या फुटल्या होत्या, त्या मी हाताने पुसल्या. पायऱ्या-पायऱ्या दिसत होत्या म्हणून स्मूदिंग दिलं, तर खालच्या जबड्याचं मेंटल फोरामेन, म्हणजे नर्व्ह बाहेर येते ते छोटं भोक, बुजून गेलं. इंजेक्शन देताना ज्या भोकाचा अंदाज घ्यायला मी चार वर्षं शिकले, ते मी स्वतः एका क्लिकमध्ये लिंपलं. ते निस्तरलं, आणि मॉडेल फिरवून बघते तर डोळ्याच्या खोबणीत, नाकाच्या बाजूच्या भिंतीला, ही भली मोठी भगदाडं.

मला वाटलं फ्रॅक्चर. मग वाटलं, स्कॅन खराब. ॲनिमेशनवाला म्हणाला, बुजव आणि पुढे चल. मी बुजवणारच होते. ॲनाटॉमीच्या बाईंना दाखवलं तर त्यांनी काही समजावलंच नाही. कपाटातून खरी कवटी काढली, खिडकीशी नेली आणि माझ्या हातात दिली. खोबणीच्या त्या भिंतीतून उजेड येत होता. पतंगाच्या कागदातून येतो तसा. तिथलं हाड अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. स्कॅनच्या एका ठिपक्यात थोडं हाड आणि उरलेली शेजारच्या सायनसमधली हवा आली, की सरासरी आकडा खाली जातो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, इथे हाड नाही. म्हणजे भगदाड खोटं होतं, पण मनाने बुजवलं असतं तर ती भिंत कवटीच्या इतर हाडाइतकी जाड झाली असती, आणि तेही खोटंच. बाई एवढंच म्हणाल्या, "आता ठरव, कुणाला दाखवायचंय."

हे यूट्यूबवर नाही. तिथे छिद्र बुजवायचं बटण कुठे आहे ते सांगतात. बुजवावं का, हे सांगायला हातात कवटी लागते आणि शेजारी ती वर्षानुवर्षं हाताळलेलं माणूस लागतं.

डिसेक्शनचंही तसंच. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. टेबलावर सगळं उकडलेल्या चिकनच्या रंगाचं. ओळखायचं ते बोटांनी: चिमटीत शीर चपटी होते, धमनी रबरी नळीसारखी परत फुगते, नर्व्ह भरीव दोरीसारखी फिरते. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. कारण मनगटाशी, पामॅरिस लाँगस या हाताच्या बारीक स्नायूची टेंडन (हाडाकडे जाणारी दोरी) असायला हवी तिथे, मी एक पांढरट दोरा उचलून ऐटीत सगळ्यांना दाखवला. तो मीडियन नर्व्ह निघाला. त्या देहात पामॅरिस लाँगस नव्हताच! काही माणसांना नसतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. हाताला ते माहीत नव्हतं. फोन आत नेता यायचा नाही, फोटोचा प्रश्नच नाही. वही आणि पेन्सिल चालायची. त्या वहीला अजून वास येतो असं माझी आई म्हणते. येत नाही.

एक आडवळण घेते, माफ कर. विल्यम हंटर हा तिथल्याच भागात जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ. त्याच्या संग्रहातून उभं राहिलेलं हंटेरियन म्युझियम ग्लासगोत १८०७ पासून आहे. गर्भाशयावरचा त्याचा प्रचंड मोठा चित्रसंग्रह १७७४ सालचा, आणि त्यातली बहुतेक चित्रं यान व्हॅन रिम्सडाइक नावाच्या चित्रकाराने काढली. त्यातल्या एका चित्रात गर्भावरच्या ओल्या पडद्यावर खोलीतल्या खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. ॲनाटॉमीच्या दृष्टीने त्या खिडकीचा काही उपयोग नाही. पण 'हे मी डोळ्यांनी पाहिलं, त्या दिवशी, त्या उजेडात' असं चित्रकार सांगतोय. ॲनिमेशनवाला ते बघून पाच मिनिटं गप्प होता. एरवी तो गप्प बसत नसे. (या चित्रांतल्या बायका कोण होत्या, त्यांना कुणी विचारलं होतं का, यावर वर्गात मोठी भांडणं व्हायची. व्हायलाच हवीत.)

प्रबंधाच्या ऐन धांदलीत, १५ जून २०१८ च्या रात्री, आर्ट स्कूलची जुनी मॅकिंटॉश इमारत जळाली. २०१४ च्या आगीनंतर तिची डागडुजी चालली होती, आणि पुन्हा तेच. आमचा विभाग दुसरीकडे होता, नुकसान आमचं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी कुणी काम केलं नाही.

नोकरीचं खरं सांगते. परत आल्यावर पुण्यात एका कंपनीत लागले. पहिले सहा महिने माहितीपत्रकं केली. मार्केटिंगच्या साहेबांना यकृत "जरा फ्रेश गुलाबी" हवं होतं. आता शस्त्रक्रियेआधीच्या नियोजनाची मॉडेल्स करते, जबड्याचीच जास्त. डॉक्टर फोनवर विचारतात, "हे छिद्र खरं आहे का?" आणि मला उत्तर देता येतं. पगार त्या उत्तराचा मिळतो. फार नाही, पण मिळतो.

तू फिजिओ आहेस म्हणून आणखी एक. स्कॉटलंडमधल्याच डंडी विद्यापीठाचं मेडिकल आर्टचं एमएससीही बघ. तिथे थील पद्धतीने देह जतन करतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थीलने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत. फॉर्मॅलीनमधला देह लाकडासारखा ताठ होतो, थीलमध्ये सांधे हलते राहतात. खांदा वर उचलताना काय कुठे सरकतं हा तुझा रोजचा विषय. मात्र विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काय आणि किती हाताळायला मिळतं, ते अर्जाआधी स्पष्ट विचारून घे. मी विचारलं नव्हतं.

फॉर्मॅलीन मास्तर

कवटीवाली बाईंचं उत्तर आवडलं. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ॲनाटॉमी शिकवून निवृत्त झालो. आमच्या विभागात चित्रकार आणि मॉडेलर अशी पदं असायची. आमचे चित्रकार कला महाविद्यालयातून आलेले. पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलच्या दारातून परत गेले होते, दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून आले आणि पुढे त्यांनी काढलेले तक्ते पिढ्यांनी वापरले. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) त्यांच्याइतका सुबक मला आजही फळ्यावर काढता येत नाही. त्या पदाला कुणी एमएससी म्हणत नव्हतं, एवढंच.

रेघोट्या, बाळा, पैसे भरण्याआधी एक कर. तुझ्या जवळच्या मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीच्या विभागप्रमुखांना रीतसर अर्ज देऊन हाडांची पेटी बघायची परवानगी माग. माणसं नाही म्हणत नाहीत, फार तर दोनदा खेपा मारायला लावतात. महिनाभर हाडं काढ. कंटाळा आला तर ग्लासगोलाही येईल. आणि शिकवण्याकडे ओढा निघाला, तर आपल्याकडे तीन वर्षांचं मेडिकल ॲनाटॉमीचं एमएससी आहे, त्याचीही चौकशी कर. चित्रं मात्र तिथे कुणी शिकवणार नाही.

हिशोबी

भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. फी सोडून हेल्थ सरचार्ज (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) वेगळा, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि तो व्हिसाच्या अर्जाबरोबर आगाऊ द्यावा लागतो. शिकवलेल्या एमएससीला २०२४ पासून नवरा-मुलं सोबत नेता येत नाहीत. पदवीनंतर थांबायचा व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने. कर्जाचा हप्ता तिथल्या पगारावर धरू नका, पुण्याच्या पगारावर धरा. बसला तर जा.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हिशोबींचा प्रतिसाद तेवढा वाचून दाखवला, खूश झाले.

तीन आठवड्यांची प्रगती: थ्रीडी स्लायसर हे स्कॅनवरून मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून उतरवून घेतलं आणि सरावाच्या एका सीटीतून खांदा वेगळा काढला. ताई, स्कॅप्युलाच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) मधोमध भोक! त्या हाडावरचा आडवा उंचवटा, म्हणजे स्पाइन, त्याच्या खाली, इन्फ्रास्पायनेटस स्नायूच्या जागी. तुमचं उत्तर पाठ झालं होतं म्हणून बुजवलं नाही.

मास्तरांनी सांगितलं तसा अर्ज दिला. दोन नाही, तीन खेपा झाल्या. काल शिपाईकाकांनी पेटी काढून दिली आणि "मोडू नका, सही माझी आहे" म्हणून शेजारीच बसले. स्कॅप्युला खिडकीशी धरला. कडा काळ्या, मध्ये सगळा नारिंगी उजेड. काकांनाही दाखवला. म्हणाले, बावीस वर्षं पेट्या काढतोय, असं कधी धरून बघितलं नव्हतं.

कवटीवाली

शाब्बास. आता कॅलिपर मागून घे आणि मधली जाडी मोज. आकडा इथे टाक, मग बुजवायचं कसं ते सांगते. आणि काकांना एक कागद काढून दे.